खाट न धरणाऱ्या दुखण्याचा खर्च

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर संपत आला की आमच्यासारख्या निवृत्त बँक कर्मचाऱ्यांच्या घरात दोन कागद एकाच वेळी टेबलावर येतात. एक हयातीचा दाखला, जो नोव्हेंबरमध्ये बँकेत द्यायचा असतो, आणि दुसरा आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाचा अर्ज. पहिल्या कागदावर आपण जिवंत आहोत एवढेच सांगायचे असल्याने तो दहा मिनिटांत उरकतो. दुसऱ्यावर पुढचे वर्षभर जिवंत राहण्याचा खर्च कोणी करायचा हे ठरवायचे असते आणि त्यासाठी आम्ही नवरा-बायको तीन-तीन संध्याकाळी आकडेमोड करीत बसतो. गेल्या काही वर्षांच्या या आकडेमोडीतून जे लक्षात आले ते खान्देशातील इतर निवृत्तांच्या उपयोगी पडेल असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

सकाळी फिरून आल्यावर आम्ही सात-आठ जण ज्या ओट्यावर बसतो तिथे विम्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘किती लाखांचा?’ कुणी तीन सांगतो, कुणी पाच, कुणाच्या मुलाने दहा लाखांचा काढून दिलेला असतो. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागल्यापासून तर हा लाखांचा हिशेब आणखीच रंगतो. ते कार्ड अवश्य काढावे, खासगी विमा असलेल्यालाही ते काढता येते, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु हे सारे लाख दवाखान्यात दाखल झाल्यावरचे आहेत. आयुष्मानच्या पॅकेजमध्ये औषधे धरलेली असतात ती दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस, दाखल असतानाचा काळ आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस एवढ्यापुरती. सोळाव्या दिवसापासूनची गोळी आपली आपण घ्यायची. आणि आमच्या वयात बहुतेकांचा पैसा त्या सोळाव्या दिवसानंतरच जातो.

माझ्याच घरचे सांगतो. मला रक्तदाब व मधुमेह, सौभाग्यवतींना रक्तदाब, थायरॉइड आणि गुडघे. टेलमिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन एकत्र असलेली गोळी, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी, कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोर्वास्टॅटिन, एम्पाग्लिफ्लोझिन, थायरॉक्सिन, कॅल्शियम आणि पित्ताची एक गोळी असा दोघांचा मिळून संसार एका जुन्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मावतो. दोन वर्षांपूर्वी या डब्याचे महिन्याचे बिल सरासरी २,८४० रुपये येत असे, म्हणजे वर्षाला चौतीस हजारांच्या वर. निवृत्तीनंतरच्या नऊ वर्षांत मोतीबिंदूचा एक दिवस सोडला तर आम्हा दोघांपैकी कुणीही दवाखान्यात दाखल झालेले नाही, ही देवाची कृपा. पण या नऊ वर्षांत विम्याचा हप्ता एकदाही चुकला नाही आणि औषधाचे बिलही एकदाही चुकले नाही.

बँक निवृत्तांच्या समूह विम्यात काही वर्षे दोन पर्याय समोर ठेवले जात असत: ‘डोमिसिलिअरी’सह आणि ‘डोमिसिलिअरी’विना. शब्द अवजड असला तरी अर्थ सोपा आहे. दाखल न होता, ठरावीक आजारांसाठी घरी घेतलेल्या औषधांचा खर्च परत मिळणार की नाही, एवढाच तो फरक. निवृत्ताला खरोखर हवे ते हेच, म्हणून आम्ही पहिली दोन वर्षे डोळे झाकून पहिला पर्याय घेतला. तिसऱ्या वर्षी वही काढली. विम्याची रक्कम तीन लाख, डोमिसिलिअरीची कमाल मर्यादा तिच्या दहा टक्के, म्हणजे तीस हजार. आणि त्या वर्षी दोन पर्यायांच्या हप्त्यांतला फरक जीएसटी धरून तीस हजारांच्या अगदी उंबरठ्यावर आलेला. म्हणजे आपल्याच खिशातले तीस हजार आधी एकरकमी द्यायचे आणि वर्षभर कागद जमवून, पाठवून, आठवणपत्रे लिहून तेच तीस हजार तुकड्या-तुकड्यांनी परत मिळवायचे. तेही पूर्ण मिळाले तर.

पूर्ण मिळत नाहीत, हाच अनुभव. एका तिमाहीला मी ८,५२० रुपयांचा दावा पाठवला, मंजूर झाले ३,१०५. कारणे अशी: डॉक्टरांची चिठ्ठी तीन महिन्यांपेक्षा जुनी होती, कॅल्शियम हे ‘टॉनिक’ या सदरात धरले गेले आणि दोन बिले ‘वाचता येत नाहीत’. हे शेवटचे कारण ऐकून आधी राग आला, पण बिले परत आल्यावर पाहिली तर खरोखरच कोरी झाली होती. दुकानातल्या यंत्रातून निघणारे ते गुळगुळीत कागदाचे बिल आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात, पत्र्याच्या डब्यात ठेवले, की महिन्याभरात त्यावरची अक्षरे उडून जातात. तेव्हापासून बिल हातात पडले की त्याची झेरॉक्स काढून मागे पिनने जोडण्याची सवय लावून घेतली. दावे करणाऱ्या सर्वांना माझा हा एक फुकटचा सल्ला.

याच सुमारास अमेरिकेत स्थायिक झालेला माझा भाचा दिवाळीत आला होता. त्याच्या तिकडच्या शेजाऱ्यांविषयी तो सांगत होता. तिथल्या ज्येष्ठांच्या मेडिकेअर योजनेत केवळ औषधांसाठी ‘पार्ट डी’ नावाचा वेगळा विभाग २००६ पासून आहे, दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या मुदतीत त्यातली योजना बदलता येते आणि २०२५ सालासाठी यादीतल्या औषधांवर वर्षाला २,००० डॉलरपेक्षा जास्त खर्च रुग्णाच्या माथी पडू नये अशी मर्यादा घातली होती. तिथेही हप्ते आणि अटी आहेतच, त्यामुळे तिकडचे सगळे गोड असे मला म्हणायचे नाही. पण एक गोष्ट घेण्यासारखी वाटली. ते लोक योजना निवडताना आधी आपल्या गोळ्यांची यादी लिहितात, मग प्रत्येक कंपनीच्या मान्य औषधांच्या यादीवर ती ठेवून पाहतात आणि त्यानंतरच हप्त्याकडे बघतात. आपण नेमके उलटे करतो. आधी हप्ता, मग लाख, आणि गोळ्यांची यादी दावा नाकारला गेल्यावर.

म्हणून मीही एक कोरा कागद घेतला आणि डब्यातल्या प्रत्येक पाकिटावरचे मूळ औषधाचे नाव लिहून काढले. हे आता अवघड राहिलेले नाही, कारण कंपनीच्या नावापेक्षा मूळ नाव मोठ्या टाइपात छापण्याचा नियम २०१८ पासून आहे. दोन घटकांच्या गोळीवरही दोन्ही नावे मिलिग्रॅमसह असतात. ही यादी लिहिताना मला तीन गोष्टी पहिल्यांदाच कळल्या आणि विम्याच्या कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा त्यांनीच माझा खर्च अधिक कमी केला.

औषधांच्या किमतींवर सरकारी मर्यादा आहे, पण ती सगळ्यांवर नाही. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत (२०२२ च्या यादीत ३८४ औषधे आहेत) जे औषध ज्या मात्रेत आहे, त्याची कमाल किंमत २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार ठरते. बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या सर्व कंपन्यांच्या किमतींची सरासरी काढून त्यावर किरकोळ विक्रेत्याचे सोळा टक्के धरायचे, अशी ती पद्धत. यादीबाहेरच्या औषधाची किंमत मात्र कंपनी दरवर्षी दहा टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. आता माझी टेलमिसार्टन यादीत आहे, अ‍ॅम्लोडिपिनही यादीत आहे, परंतु दोन्ही एकत्र असलेली गोळी यादीत नाही. डॉक्टरांना विचारले, त्यांनी हरकत घेतली नाही, आणि एकाच्या दोन गोळ्या झाल्या. सकाळी एक गोळी जास्त गिळावी लागते आणि बिल कमी होते. अर्थात यादीतली औषधे कायम स्वस्तच राहतात असेही नाही. घाऊक किंमत निर्देशांकाचा आधार घेऊन २०२२ मध्ये १०.७७ आणि २०२३ मध्ये १२.१२ टक्क्यांची वाढ त्यांनाही मिळालीच.

एम्पाग्लिफ्लोझिनची कथा निराळी. ती मूळ कंपनीची गोळी मी एकेक साठ रुपयांच्या घरात घेत होतो. मार्च २०२५ मध्ये तिचे पेटंट संपले आणि पाहता पाहता तेच औषध दुसऱ्या कंपन्यांनी दहा-पंधरा रुपयांच्या आत आणले. तरी पुढचे चार महिने मी जुन्याच किमतीला तीच गोळी घेत राहिलो, कारण चिठ्ठी जुनी होती आणि मला हे कुणी सांगितले नाही. दुकानदाराला दोष देता येत नाही. चिठ्ठीवर कंपनीचे नाव लिहिले असेल तर त्याऐवजी दुसऱ्या कंपनीचे तेच औषध देण्याची परवानगी औषधविक्रीचे नियम त्याला देत नाहीत. बदल चिठ्ठी लिहिणाऱ्यानेच करायचा असतो. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव, शक्यतो मोठ्या सुवाच्य अक्षरांत लिहावे असे त्यांच्या आचारसंहितेत २०१६ पासून नमूद आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याहून कडक नियम आला आणि महिना संपायच्या आत स्थगितही झाला. तेव्हा नियमाची वाट न पाहता मी सहा महिन्यांतून एकदा माझा कागद घेऊन डॉक्टरांकडे जातो आणि ‘यातले स्वस्त काय करता येईल’ असे सरळ विचारतो. पहिल्यांदा संकोच वाटला. डॉक्टर मात्र हसून म्हणाले की, हे विचारणारे तुम्ही या महिन्यातले दुसरेच.

तिसरी गोष्ट जनऔषधी केंद्राची, म्हणजे मूळ नावाची औषधे स्वस्तात विकणाऱ्या सरकारी योजनेतल्या दुकानाची. ही योजना २००८ पासून आहे, देशातल्या केंद्रांची संख्या नोव्हेंबर २०२३ मध्येच दहा हजारांवर गेली आणि यादीत दोन हजारांहून अधिक औषधे आहेत. तरीही मी जळगावच्या केंद्राची पायरी चढलो ती निवृत्तीनंतर सात वर्षांनी, आणि तेही आमच्या ओट्यावरच्या एका जुन्या गिरणी कामगाराच्या आग्रहावरून. त्यांचे निवृत्तिवेतन ईपीएस-९५ या भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेचे, म्हणजे २०१४ मध्ये ठरलेले किमान हजार रुपये आणि त्यावर महागाई भत्ता नाही. इतक्या पैशात विम्याच्या पर्यायांची चर्चा करणे ही चैनच. माझ्या शंकाकुशंका ऐकून घेतल्यावर ते एवढेच म्हणाले, “भाऊ, गोयी तीच शे, नाव बदलनं.” पुढे माहिती घेतली तेव्हा कळले की तिथल्या औषधांची प्रत्येक खेप मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासूनच पाठवली जाते. माझी साखर आणि रक्तदाब वर्षभर वहीत टिपून ठेवले आहेत. फरक पडलेला नाही.

पण इथेही डोळे झाकून चालत नाही. थायरॉक्सिनसारख्या औषधात मात्रेचा बारीकसा फरकही अंगाला जाणवतो, म्हणून ते एका कंपनीचे चालू असेल तर तेच चालू ठेवावे आणि बदललेच तर सहा-आठ आठवड्यांनी रक्त तपासून घ्यावे, असे डॉक्टरांनी बजावले. फिट्सच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या काही औषधांबाबतही त्यांनी हेच सांगितले. त्यामुळे सौभाग्यवतींची ती एक गोळी आम्ही बदलली नाही; ती मुळात महागही नाही. केंद्रात माल नसणे हे दुसरे दुखणे. जळगावला जाण्या-येण्याचा खर्च आणि अर्धा दिवस घालून गेल्यावर सातपैकी तीन औषधे ‘पुढच्या आठवड्यात येतील’ असे ऐकावे लागले, की बचतीचे गणित बसस्थानकावरच कोलमडते. मी आता निघण्यापूर्वी फोन करतो आणि दोन महिन्यांचा साठा एकदम आणतो.

इतके केल्यावर आमचे महिन्याचे बिल २,८४० वरून १,०९० वर आले. वर्षाचे तेरा हजार. आता हा नवा आकडा विम्याच्या अर्जाशेजारी ठेवून पाहा. तेरा हजारांच्या औषधांसाठी तीस हजारांचा जादा हप्ता कुणी भरणार नाही. म्हणजे ज्या प्रश्नावर आम्ही तीन संध्याकाळी घालवत होतो तो प्रश्नच उलट्या बाजूने सुटला. औषध आधी स्वस्त करायचे आणि मगच त्याला संरक्षण विकत घ्यावे का हे ठरवायचे. हा क्रम उलटा केला की महागडा पर्याय शहाणपणाचा वाटू लागतो.

सर्वांचेच असे सुटत नाही, हे मला ठाऊक आहे. माझे थोरले बंधू चोपडा तालुक्यात राहतात आणि दिवसातून दोनदा इन्सुलिन घेतात. इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचे आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो, वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. फ्रिज बंद पडला की वहिनी चालू असलेली बाटली काचेच्या बरणीत घालून ती बरणी पाणी भरलेल्या माठाच्या गळ्याशी, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. गेल्या उन्हाळ्यात दोन न फोडलेल्या बाटल्या तरीही फेकून द्याव्या लागल्या. वाया गेलेल्या औषधाचा खर्च कोणत्या विम्यात बसतो, हे मला अजून कुणी सांगितलेले नाही.

रेल्वेच्या निवृत्तांचा हेवा वाटतो तो याच बाबतीत. निवृत्तीच्या वेळी एकरकमी वर्गणी भरून त्यांना रेल्वेची आरोग्य योजना मिळते आणि भुसावळच्या रेल्वे रुग्णालयातून महिन्याच्या गोळ्या हातात पडतात. लाखांचा हिशेब नाही, दाव्याचे कागद नाहीत. मात्र रुग्णालयापासून अडीच किलोमीटरपेक्षा दूर राहणाऱ्यांना बाह्यरुग्ण औषधांऐवजी महिना हजार रुपये ठरावीक वैद्यकीय भत्ता घेण्याची मुभा आहे. तसाच भत्ता सीजीएचएस या केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या क्षेत्राबाहेर राहणाऱ्या केंद्र सरकारच्या इतर निवृत्तांनाही मिळतो. हा हजाराचा आकडा जुलै २०१७ पासून तसाच आहे. पाचोऱ्याच्या एका स्नेह्यांनी भुसावळच्या फेऱ्या नकोत म्हणून भत्ता घेतला, तेव्हा त्यांना रक्तदाबाची एकच गोळी होती. पुढे मधुमेह आणि हृदयाची औषधे वाढली, खर्च चार हजारांवर गेला आणि पर्याय एकदाच बदलता येतो असे सांगण्यात आल्यामुळे ते अजून विचारच करीत आहेत. भत्ता की औषधे, हे ठरवताना आजच्या डब्याबरोबर दहा वर्षांनंतरच्या डब्याचाही अंदाज घ्यावा, असे त्यांनी मुद्दाम लिहायला सांगितले आहे.

कराविषयी थोडक्यात. जुन्या करपद्धतीत, ज्या ज्येष्ठाच्या नावावर आरोग्य विमा नाही त्याच्या औषधोपचारांचा पन्नास हजारांपर्यंतचा खर्च आजवर १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८० डी खाली वजावटीला मिळत आला आहे. अट अशी की तो रोखीने केलेला नसावा. म्हणून औषधांचे पैसे मोबाइलवरून किंवा कार्डाने द्यावेत. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, बहुतेक औषधांवरचा बारावरून पाच टक्क्यांवर आला, त्याचे स्वागतच आहे. पण समूह विम्याला ही सूट दिली गेली नाही. ज्यांना साठीनंतर वैयक्तिक विमा परवडत नाही तेच संघटनेच्या किंवा जुन्या मालकाच्या समूह विम्यात असतात. कर त्यांनीच भरत राहावा यामागचा न्याय काय, हे मला समजलेले नाही आणि आपल्या भागातील तिन्ही जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींनी हा प्रश्न दिल्लीत विचारावा असे वाटते.

दुसरी मागणी जिल्हा प्रशासनाकडे आहे. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले आहेत आणि रक्तदाब व मधुमेहाच्या साध्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळायला हव्यात, मिळतातही. फक्त त्या दर महिन्याला मिळतील याची खात्री नसते आणि रोजच्या गोळीला खात्री नसेल तर ती फुकट असूनही तिच्या भरवशावर राहता येत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतील निवृत्त शिक्षक, कोतवाल, एसटीचे वाहक यांनी कोणता विमा निवडायचा? त्यांच्याकरिता आरोग्य केंद्राच्या दारावर ‘आज उपलब्ध असलेली औषधे’ असा खडूने लिहिलेला एक फळा आणि एकदम दोन महिन्यांच्या गोळ्या देण्याची सोय, एवढे झाले तरी पुष्कळ.

शेवटची विनंती आपल्यालाच. सोन्याचा आणि केळीचा भाव आपण रोज छापता. महिन्यातून एकदा, पेन्शन जमा होते त्या आठवड्यात, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल आणि थायरॉइडच्या वीस-पंचवीस नेहमीच्या औषधांची मूळ नावे, त्यांची सरकारने ठरवलेली कमाल किंमत आणि जनऔषधी केंद्रातली किंमत अशी एक चौकट जिल्हा पानावर दिलीत तर ती कापून आम्ही डब्याच्या झाकणाला आतून चिकटवू. यादी तयार करायला मदत लागली तर आमचा ओटा सकाळी साडेसात ते नऊ रिकामाच असतो.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
अमळनेर, जि. जळगाव